आगगाडीतील चित्रपटचर्चा

१८५३ साली ठाण्यास आणि पुढील वर्षी कल्याणास पोचलेल्या आगगाडीच्या मार्गावर आज डोंबिवलीकरांसह सारेच चित्रपटाच्या गप्पांत शास्त्राचेही विषय काढतात. कित्येकांस याचे नवल वाटते. आम्हांस वाटत नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी कॅमेरा मागविला. १९०१ साली त्यांनी केंब्रिजचे सीनियर रँग्लर, गणिती रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. आमच्या चित्रपटाने बाल्यातच विद्येचा असा गौरव केला! फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही संपूर्ण प्रत आज उरलेली नाही. फिती झिजतात, त्यांची आठवण प्रेक्षकांच्या बोलण्यातूनच पुढील पिढीस पोचते. या गप्पांस रिकामटेकडेपणा कोणी म्हणू नये.