टीका आणि निंदा



आपल्या श्रद्धेची टिंगल करणारा एखादा मजकूर मोबाईलवर फिरू लागला की सौंसर-पांढुर्णा भागातली आपली तरुण मंडळी विचारतात, "ठाण्यात तक्रार द्यायची का?" उत्तर देण्याआधी हा कायदा कुठून आला ते पाहू.

१८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या धर्मावर कडक टीका केली. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी ते वाद पुढे पुस्तकरूपाने छापले आणि त्यात विष्णुबुवांचे आक्षेपही दिले. म्हणजे मराठी मुलखात आपल्या लोकांनी टीका केली, तशी ऐकूनही घेतली.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २९८ आले. कोणाच्या धर्मभावना बुद्धिपुरस्सर दुखावण्यासाठी काढलेले शब्द गुन्हा ठरले. पुढे १९२४ साली लाहोरात राजपाल यांनी मुहम्मद पैगंबरांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. खटला उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती दलीप सिंह हे ख्रिस्ती होते. लिखाणाचा सूर निंद्य आहे हे मान्य करूनही, लावलेल्या कलमात तो गुन्हा बसत नाही म्हणून १९२७ मध्ये त्यांनी राजपाल यांना सोडले. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. भावना कितीही तापल्या तरी न्यायाधीशाने कायद्यात आहे तेवढेच पाहावे, हे त्यांनी दाखवले.

त्याच वर्षी कलम २९५-अ आले. चर्चेत मोहंमद अली जिना यांनीही बजावले की प्रामाणिक टीकेला संरक्षण हवे. म्हणूनच कलमात 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू' ही अट आहे. पण कायद्याने राग शमला नाही. १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झाला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण ते दुष्ट हेतूने केलेल्या अपमानापुरतेच आहे असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे.

आता आपला प्रश्न. प्रभू येशूला ज्या आरोपाखाली दोषी ठरवले, तो ईश्वरनिंदेचाच होता. स्तेफनावरही तोच आरोप होता. ज्या मंडळीचा पहिला हुतात्मा या आरोपाने दगडांखाली गेला, तिने दुसऱ्यावर तो घाईने करू नये. कोणी मारहाणीची चिथावणी देत असेल, प्रार्थनाघरावर चालून येण्याची भाषा करत असेल, तर तक्रार जरूर द्यावी. तो आपला हक्क आहे. पण कोणी नुसता प्रश्न विचारला किंवा बायबलवर आक्षेप घेतला, तर त्याला पोलीस नव्हे, उत्तर हवे. पेत्राने तर आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला शिकवले आहे.

आणि हाच नियम आपल्या जिभेलाही लागतो. जामसावळीच्या हनुमानाला जाणारा आपला शेजारी आहे, त्याच्या देवाची चेष्टा करून सुवार्ता सांगता येत नाही. प्रामाणिकपणे बोलण्याची जी मोकळीक आपल्याला हवी, ती त्यालाही असू द्या.

प्रभू आपल्या ओठांवर पहारा ठेवो आणि मन मोठे करो. आमेन.