सालेमची चेटकीण: सिनेमातली आणि कागदावरची

काल रात्री मुलीबरोबर 'द क्रुसिबल' पाहिला. १९९६ चा इंग्रजी सिनेमा, आर्थर मिलरच्या १९५३ सालच्या नाटकावरचा. अमेरिकेतल्या सालेममध्ये १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसं फासावर गेली, त्याची गोष्ट. संपल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे त्या एका पोरीमुळे सगळं झालं ना, बाबा?"

तिचं काही चुकलं नाही. सिनेमा बघून कुणालाही तसंच वाटेल. अ‍ॅबिगेल नावाची तरुणी, लग्न झालेल्या जॉन प्रॉक्टरवर तिचा जीव, आणि त्याच्या बायकोचा काटा काढायला तिने चेटकाचा केलेला कांगावा. पण त्या खटल्यांचे बरेचसे कागद आजही जपून ठेवलेले आहेत. त्यात अ‍ॅबिगेल आहे ११-१२ वर्षांची पोर आणि प्रॉक्टर साठीचा म्हातारा. दोघांच्या प्रेमप्रकरणाचा कुठे पुरावा नाही. मिलरने तिचं वय वाढवलं, त्याचं कमी केलं. नाटककाराला तेवढी मुभा असते, आणि तिचं वय वाढवल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. अडचण एवढीच, की एकदा खलनायिका सापडली की बाकीचं गाव सुटतं.

आणि सालेममध्ये खरी गोष्ट गावाचीच होती.

हे लोक प्युरिटन. इंग्लंडमधून आलेले कर्मठ ख्रिस्ती. सैतान त्यांना शेजाऱ्याइतका खरा वाटायचा. १६९२ च्या जानेवारीत गावच्या पाद्र्याच्या घरातल्या दोन मुलींना झटके येऊ लागले. एक त्याची ९ वर्षांची लेक, दुसरी हीच अ‍ॅबिगेल. डॉक्टरला काही उमगेना, त्याने दुष्ट शक्तीवर ढकललं. मग नावं आली तीन. पाद्र्याच्या घरातली गुलाम बाई टिटुबा, दारोदार मागून जगणारी सारा गुड आणि आजारपणामुळे चर्चला न जाणारी सारा ऑस्बर्न. नीट बघा, तिघींच्याही बाजूने बोलायला गावात कुणी नव्हतं. सुरुवात अशाच माणसांपासून होते.

पण थांबत तिथे नाही. पुढे नाव आलं रिबेका नर्सचंही. ७१ वर्षांची, आठ लेकरांची आई, कानाने अधू, देवभोळी. आरोप झाला तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलेली शेजारीण काय म्हणाली? आमची डुकरं हिच्या शेतात शिरली, ही येऊन तोंडाला येईल ते बोलली, आणि त्यानंतर माझा नवरा आजारी पडून मेला. झाला पुरावा. शिवाय रिबेकाच्या माहेरच्या लोकांचं आणि आरोप करणाऱ्या पुटनम घराण्याचं जमिनीच्या हद्दीवरून जुनं भांडण होतंच. बांधावरची भांडणं काय असतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

तरी ३९ शेजाऱ्यांनी तिच्यासाठी लेखी सह्या दिल्या. त्या वेळी अशी सही करणं म्हणजे पुढचं नाव आपलं लावून घेणं होतं. ज्युरीने तिला निर्दोष ठरवलंसुद्धा! त्याबरोबर झटके येणाऱ्या मुलींनी कोर्टात आरडाओरडा केला. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने ज्युरीला पुन्हा विचार करायला लावलं. तिच्या एका वाक्याचा अर्थ तिला विचारला गेला. म्हातारीला ऐकूच आलं नाही, ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यावर ज्युरी फिरली. १९ जुलैला तिला फाशी झाली. सप्टेंबरात तिची बहीण मेरी ईस्टीही गेली.

कोर्टात पुरावा कसला चालायचा? "हिची आकृती रात्री येऊन मला चिमटे काढते." बाई तेव्हा घरात झोपलेली असली तरी आकृती आलीच! असा आरोप खोटा ठरवायचा कसा? आणि सगळ्यात उलटा न्याय म्हणजे, "हो, मी चेटकीण" असं कबूल करून चार नावं सांगितली की त्या वर्षी जीव वाचत होता. खोटं बोलायला तयार नव्हते ते लटकले.

दीडशेच्या वर लोकांवर आरोप झाले. १९ जणांना फाशी, त्यात १४ बायका आणि ५ पुरुष. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला शेतकरी कोर्टापुढे आपली बाजूच मांडेना, म्हणून त्याला अंगावर दगड रचून मारलं. काही जण तुरुंगातच गेले. सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगीसुद्धा कोठडीत होती. आपल्याकडे बरेच जण समजतात तसं जिवंत मात्र कुणालाच जाळलं नाही.

ऑक्टोबरात गव्हर्नरने ते कोर्ट बंद केलं. १६९७ साली ज्युरीतल्या १२ जणांनी लेखी माफी मागितली. एक न्यायाधीश, सॅम्युअल स्यूअल, बॉस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि दोष आपल्या माथी घेतला. आरोप करणाऱ्या मुलींपैकी अ‍ॅन पुटनमने १७०६ साली माफी मागितली, पण आपल्याला सैतानाने फसवलं असं म्हणत. स्टॉटनने शेवटपर्यंत मागितली नाही.

मिलरने हे नाटक लिहिलं तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना बोलावून "सोबत्यांची नावं सांगा" म्हणत होते. १९५६ साली त्यालाही बोलावलं. त्याने नावं सांगायला नकार दिला. म्हणजे सालेमचं मर्म त्याला बरोबर कळलं होतं. प्रेमप्रकरण फक्त रंगमंचासाठी.

आता थोडं माझं. वीसेक वर्षांपूर्वी, डिप्लोमा करून नुकताच बातम्या द्यायला लागलो होतो. एका गावातून भानामतीची खबर आली. कपडे पेटतात, दगड पडतात, नेहमीचंच. मी बातमी केली. नाव छापलं नाही, पण "संशय गावाबाहेर एकट्या राहणाऱ्या वृद्धेवर" असं लिहिलं. गावात अशी एकच होती. महिन्याने गेलो तर तिच्या घराला कुलूप. "लेकीकडं गेली," एवढंच सांगितलं. मी पुढे विचारलं नाही.

डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर त्याच वर्षी आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते असं भासवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कायदा आहे, पण तक्रार करायला कुणीतरी पुढे यावं लागतं.

मुलीला मी एवढंच सांगितलं, की त्या एका पोरीमुळे नाही झालं. डुकरांचा राग मनात ठेवणारी शेजारीण, ज्युरीला मागे फिरवणारा न्यायाधीश आणि गप्प बसलेले बाकीचे, सगळ्यांनी मिळून केलं. मग तिला त्या ३९ सह्यांबद्दल सांगितलं. म्हातारी वाचली नाही, पण त्या सह्यांची नोंद आजही आहे.

आपल्या गावात असं कुणाचं नाव घेतलं जात असेल, तर पहिली सही कोण करणार?