धारवाडला पाठवलं

"ह्याला आता धारवाडला पाठवायला हवं!" बेळगाव-खानापूरकडच्या मराठी घरांत हे वाक्य थट्टेत नेहमी कानावर येतं. आपल्याकडे गोव्यात त्याच चालीवर 'आल्तिनो' म्हणायचे. इस्पितळ हललं तेव्हापासून 'बांबोळी' म्हणतात. खरं तर धारवाड म्हणजे पेढे, बेंद्रे, मल्लिकार्जुन मन्सूर आणि आपल्या जी. एं.चं गाव. पण बोलण्यात ह्या सगळ्यांवर मात केली ती एका इस्पितळाने.

ते इस्पितळ १८४५ सालचं. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं (थेट १९५६ पर्यंत), त्यामुळे सरकारी भाषेत हे इलाख्याचं 'वेड्यांचं इस्पितळ'. १८५८ साली ह्यासाठी खास कायदा झाला. रस्त्यावर भटकणाऱ्या, धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि तिथून त्याची रवानगी. म्हणजे माणूस दवाखान्यात यायचा तो पोलिसाच्या हातून. लोकांच्या मनात तुरुंग आणि हे इस्पितळ शेजारी-शेजारी बसले ते उगाच नव्हे.

मी कारकून माणूस, रकाने भरण्यात हयात चालली आहे. म्हणून ह्या इतिहासातली एक गोष्ट मला विशेष भावते. पोलीस रोग्याबरोबर जो कागद पाठवत त्यात वेडाचं 'कारण' लिहावं लागे. पोलिसाला काय ठाऊक? तो बिनदिक्कत 'गांजा' लिही, आणि तेच पुढे इस्पितळाच्या रजिस्टरात उतरे. १८९३-९४ मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं उघडली. १८९२ च्या १३४४ दाखल रोग्यांपैकी फक्त ९८ जणांच्या बाबतीत हे कारण कसंबसं टिकलं. रजिस्टरात ह्याच्या दुपटीहून जास्त नोंदी होत्या! रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा आमच्या खात्याचा जुना धर्म. ज्याचं दुखणं, त्याला विचारण्यासाठी मात्र त्या कागदावर जागा नव्हती.

माझ्या आईचे एक मामेभाऊ धारवाडचे. माळमड्डीत घर, शाळेत शिक्षक. १९७१ च्या सुमारास ते आठ महिने ह्या इस्पितळात होते. आम्हां गोव्याकडच्यांना पत्रात कळवलं होतं की मामा नोकरीनिमित्त मुंबईस आहेत. घरापासून टांग्याने जाण्याइतकं अंतर, आणि माणूस मुंबईस! ते बरे होऊन परत शाळेत गेले, संसार केला, निवृत्त झाले. त्या आठ महिन्यांबद्दल घरात कोणी अक्षर काढलं नाही.

ते बोलले ते सत्तरी ओलांडल्यावर, मडगावला एका लग्नात जेवणं झाल्यावर. कोणीतरी ती 'धारवाडला पाठवायची' थट्टा केली. मामा शांतपणे म्हणाले, "मी राहून आलोय तिथे." मग सांगत गेले. बंद रेडिओतून आपलं नाव ऐकू यायचं. वर्गात फळ्याकडे वळलं की मागे मुलं आपल्याविषयीच बोलतायत अशी खात्री व्हायची. गोळ्यांनी जीभ जड व्हायची. पण सगळ्यांत वाईट वाटायचं ते भेटीच्या दिवशी. फाटकाशी कोणी ओळखीचं पाहील म्हणून घरचे येत नसत. हे सांगताना आवाज चढला नाही, डोळे ओले नाहीत. हवामान सांगावं तसं सांगितलं. त्या संध्याकाळी दोन नातेवाईक, वेगवेगळे येऊन, त्यांना बाजूला घेऊन डॉक्टरचं नाव विचारून गेले.

मराठीत हे उघडपणे बोलण्याची सुरुवात करणाऱ्यांत कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी येतात. पत्नीचा स्किझोफ्रेनिया त्यांनी लपवला नाही. १९९७ साली पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. पुढे २००४ मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. अतुल कुलकर्णीचा शेष पाहून कितीतरी घरांना आपल्याच माडीवरचा माणूस दिसला असेल. मला वाटतं, शंभर आरोग्य-पत्रकांनी जे झालं नाही ते त्या एका चित्रपटाने केलं.

आपल्या आल्तिनोवरच्या इस्पितळाला पोर्तुगीज काळात कांदोळीच्या आबे फारियाचं नाव दिलं होतं. संमोहनामागे सैतान नसून माणसाचं मनच असतं, हे पॅरिसला ठणकावून सांगणारा हा गोंयकार. नाव एवढं चांगलं, पण लोकांनी टेकडीचंच नाव शिवीसारखं वापरलं. असो.

धारवाडच्या इस्पितळाची आता 'डिमहान्स' ही संस्था झाली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने (अंमल २०१८ पासून) रोग्याला दोन गोष्टी दिल्या. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येतं. आणि आपली वैद्यकीय कागदपत्रं मागून पाहता येतात, म्हणजे 'कारण' ह्या रकान्यात कोणी काय लिहिलंय ते ज्याचं त्याला वाचता येतं. मामा तोवर गेले होते.