न आलेल्या कारखान्याचे दीड लाख कोटी

पुण्याचा मावसभाऊ सुभानपुऱ्यात आमच्याकडे उतरला की चहाच्या आधी टोमणा हजर : "तुम्ही बडोदेकरांनी आमची गुंतवणूक पळवली." सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगाव सोडून गुजरातेत यायचं ठरलं. ऑक्टोबरात टाटा-एअरबसच्या विमान कारखान्याची पायाभरणी बडोद्यात झाली. महाराष्ट्राचे १.५४ लाख कोटी गेले आणि गुजरातला मिळाले, हा त्याचा हिशेब. शेजाऱ्यांचा हिशेबही तोच, फक्त छाती फुगवून मांडलेला. मला तो दोन्ही बाजूंनी अमान्य आहे.

राष्ट्रीय लेख्यांत गुंतवणूक मोजतात ती स्थिर भांडवल निर्मिती म्हणून : त्या वर्षी खरोखर उभ्या राहिलेल्या इमारती, रस्ते, बसवलेली यंत्रं, वाहनं, सॉफ्टवेअर. सांख्यिकी कार्यालय सामंजस्य करारांची बेरीज करत नाही. सिमेंट-पोलाद किती लागलं, यंत्रं किती बनली, किती आयात झाली, असल्या रुक्ष गोष्टींतून हा आकडा उभा राहतो. फॉक्सकॉन जुलै २०२३ मध्ये त्या भागीदारीतून बाहेर पडली. जे बांधलंच गेलं नाही, ते इकडे जमा कुठून होणार आणि तिकडे वजा तरी कशातून?

नवं उभं राहिलं तेच मोजायचं, हे आमच्या गल्लीत रोज दिसतं. कुणी जुनं टेनामेंट विकतो, घेणारा म्हणतो 'इन्व्हेस्टमेंट केली'. त्याच्यापुरतं खरं, पण देशाच्या खात्यात घर तेच, मालक बदलला. तेच पाडून फ्लॅटची स्कीम उभी राहिली तर नवं बांधकाम मोजलं जातं. शेअर बाजारातली खरेदी-विक्रीही मालकीचीच अदलाबदल.

टाटा-एअरबसचं प्रकरण आणखी मजेदार आहे. २१,९३५ कोटी हा आकडा कारखान्याचा खर्च समजून मिरवला जातो. प्रत्यक्षात ती हवाई दलाच्या ५६ सी-२९५ विमानांच्या खरेदीची रक्कम. त्यांतली १६ स्पेनमध्ये बनवायची, ४० बडोद्यात. आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीनुसार असं विमान सरकारच्या ताब्यात आलं की ते स्थिर भांडवल. मग ते स्पेनच्या सेव्हिलहून उडत आलेलं का असेना. (आयात म्हणून तेवढंच जीडीपीतून वजा होतं, ते वेगळं.) म्हणजे गुंतवणुकीच्या आकड्यावरून रोजगार कुठल्या गावाला मिळाला, हेसुद्धा कळत नाही.

यावर शहाणा प्रतिपक्षी म्हणेल : करार म्हणजे उद्योजकांच्या इराद्याची खूण, ती आज दिसते, भांडवल निर्मितीचा आकडा उशिरा येतो आणि पुन्हा सुधारला जातो. मान्य. फॉक्सकॉन गेली तरी गुजरातेतच धोलेऱ्यात टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली, हेही मान्य. पण इराद्याला एखादा तरी ताळा हवा. २०११ च्या व्हायब्रंट गुजरातमध्ये सुमारे २० लाख कोटींचे करार जाहीर झाले. त्या वेळच्या देशाच्या वार्षिक जीडीपीचा जवळजवळ चतुर्थांश. एका राज्याचं दोन दिवसांचं संमेलन! ते पैसे अनेक वर्षांत यायचे होते, हे धरूया. तरी पुढे झालं काय? देशाची स्थिर भांडवल निर्मिती २०११-१२ मध्ये जीडीपीच्या ३४ टक्क्यांच्या आसपास होती. अलीकडे ती ३० च्या आसपास रेंगाळते. संमेलनं मात्र वाढली, महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' भरवलं.

मागच्या खेपेला मावसभाऊ वैतागून म्हणाला, "बरं, मग खरा आकडा सांग. गुजरातला किती, आम्हाला किती?" मी म्हटलं, राज्यवार पूर्ण हिशेब नियमितपणे छापलाच जात नाही, उद्योगांच्या वार्षिक पाहणीत मिळतो तो नोंदणीकृत कारखान्यांपुरता. "म्हणजे भांडायला आकडाच नाही?" तो म्हणाला, आणि शेव-उसळीची ताटली पुढे ओढली.