अन्य लोकीचा वीर आणि मार्कंड्याची देवळे

वैनगंगेचा एकंदर ओघ दक्षिणेकडे. परंतु चामोर्शी तालुक्यात मार्कंडा या खेड्यापाशी ती वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. नदी उत्तरवाहिनी झाली म्हणजे तेथे तीर्थ व्हावयाचेच. तिच्या काठी, एका तटबंद आवारात, येथील देवळांचा समूह उभा आहे. सर अलेक्झांडर कनिंगहॅम हे १८७३-७४ च्या दौऱ्यात येथे आले, तेव्हा हा प्रदेश चांदा जिल्ह्यात मोडे. गडचिरोली जिल्हा निराळा झाला तो १९८२ साली. त्यांच्या मापाप्रमाणे आवाराची लांबी १९६ फूट व रुंदी ११८ फूट भरली. एवढ्याशा जागेत कितीतरी लहानमोठी देवळे, आणि मुख्य देवळाच्या भिंतींवर मूर्तींच्या ओळींवर ओळी! महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते, आणि खजुराहो कधी न पाहिलेला मनुष्यही या स्थळास विदर्भाचे खजुराहो म्हणून मोकळा होतो.

हे सारे घडविले कोणी? अशा जुन्या दगडी देवळांपुरते लोकांचे उत्तर ठरलेले असते : हेमाडपंताने. आणि हा हेमाडपंत कोण, असे पुढे विचारावे तर कथा मोठी रंगत जाते. तो एक अलौकिक वैद्य होता. लंकेत बिभीषण आजारी पडला असता त्याने त्यास बरे केले. आणि बक्षीस मागताना सोने न मागता त्याने मोडी लिपी मागून घेतली व देवळे बांधावयास राक्षस मागितले. कोणी तर खुद्द त्यालाच राक्षस ठरवितात. चुन्यावाचून चिऱ्यावर चिरा बसविणे हे माणसाचे काम नव्हे, तेव्हा ते अन्य लोकीच्या प्राण्याचे असले पाहिजे, असा हा सरळ हिशेब आहे.

इतिहासातील हेमाद्रीपंडित मात्र लंकेस गेला नाही. देवगिरीच्या महादेव यादवाने १२६१ ते १२७१ पर्यंत राज्य केले. त्याच्या व त्यानंतरच्या रामचंद्राच्या कारकिर्दीत तो मोठा अधिकारी होता. दफ्तर सांभाळावे आणि धर्मग्रंथ लिहावे, ही त्याची कामे. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा अवाढव्य ग्रंथ पाहिला म्हणजे या गृहस्थास राक्षसी म्हणावयाचे ते त्याच्या व्यासंगापुरते, हे ध्यानात येते. मार्कंड्याच्या शिल्पांची धाटणी पाहता अभ्यासक ही देवळे दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराची मानतात; म्हणजे हेमाद्री जन्मण्यापूर्वीच ती जुनी झालेली होती. अंबरनाथच्या देवळाचेही तेच. त्यास लोक पांडवांचे किंवा हेमाडपंती म्हणतात. पण तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा आहे आणि त्यात शिलाहार राजा मांवाणी याचे नाव आहे. दगडावर कोरलेला शक वाचता येत असतानाही कथा मागे हटत नाही, ही गोष्ट चमत्कारिक खरी.

अडाणी वनवासी लोकांचा हा भोळेपणा, असे म्हणून शहाण्या माणसाने हसण्याचे कारण नाही. वाफेच्या व विजेच्या युगात, अमेरिकेसारख्या सुशिक्षित देशात, हेच घडले आहे. क्रिप्टन ग्रहावरून आलेला सुपरमॅन १९३८ साली चित्रकथांच्या मासिकांतून अवतरला, आणि त्याच्यामागोमाग अन्य लोकीच्या वीरांची रांगच लागली. त्यांतील एक आता बहुतेक कोणास आठवत नाही. ‘मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स’ या मासिकाच्या नोव्हेंबर १९४० च्या तेराव्या अंकात तो प्रथम आला. नाव आर्कस, उपनाव व्हिजन, म्हणजे दिव्य दर्शन. वर्ण हिरवा, वस्ती धुराच्या लोकात, तेथे तो कायद्याचा रखवालदार. पृथ्वीवर कोठेही धूर निघाला की त्या धुरातून तो प्रकट होई, दुष्टांस दंड करी आणि धुरातच नाहीसा होई. युरोपात त्या वेळी महायुद्ध पेटलेले होते; धुराला काही तोटा नव्हता. तरीही १९४३ मध्ये वीरमहाशय मासिकातून अंतर्धान पावले. १९६८ साली त्याच मंडळींनी त्याचे उपनाव उचलून एका कृत्रिम मानवास दिले. मूळचा धूरलोकवासी मागेच राहिला.

लंकेचे राक्षस आणि धूरलोकीचा आर्कस यांत एक फरक मात्र मोठा आहे. आर्कस विस्मृतीत गेला, पण त्यास निर्माण करणारे जो सायमन व जॅक कर्बी यांची नावे पक्की ठाऊक आहेत. इतकेच नव्हे, तर कर्बी यांनी पुढे निर्मिलेल्या पात्रांच्या हक्कावरून त्यांच्या वारसांनी प्रकाशकाशी भांडण मांडले व ते २०१४ साली तडजोडीने मिटले. मार्कंड्यास उलटा प्रकार. तेथे वीर अमर झाला आणि कारागीर बुडाले. ज्या पाथरवटाने छिन्नीने एकेक बोट, एकेक दागिना काढला, ज्या मजुरांनी खाणीतून दगड ओढून आणले, त्यांच्या मजुरीचे श्रेय बिभीषणाच्या सेवकांच्या खाती जमा झाले. त्यांच्या वतीने भांडावयास वारस कोठला! हेमाद्रीवरही अन्याय झाला तो निराळाच. ग्रंथकार म्हणून त्यास कोणी ओळखीत नाही, आणि जी देवळे त्याच्या जन्मापूर्वीची त्यांचा कर्ता म्हणून गावोगावी त्याचे नाव निघते.

पुढे मुख्य देवळावर वीज पडली व शिखराचा माथा कोसळून मंडपाचीही हानी झाली. त्याची डागडुजी चांद्याच्या गोंड राजाने केली, असे परंपरा सांगते. या दुरुस्तीच्या वेळी लंकेहून कोणी आले, असे मात्र ती सांगत नाही.