जुन्या गाडीत नवा टेप बसवताय? पैसे देण्याआधी या गोष्टी तपासा

कोपरगाव : तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर मारुती 800, ओम्नी, जुनी अल्टो अशा गाड्या आजही रोज फिरतात. मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, ओम्नीचं 2019 मध्ये. गाड्या मात्र चालूच आहेत. जुना कॅसेटचा किंवा सीडीचा टेप बंद पडला की ब्लूटूथ, यूएसबीचा नवा सेट बसवला जातो. सेट कितीचा घ्यायचा यावर सगळे बोलतात, पण वायरिंगकडे कोणी बघत नाही. बॅटरी उतरणं, सेट जळणं आणि कधी गाडीत धूर निघणं हे सगळं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

आधी माप घ्या

गाडीच्या टेपची ठरलेली दोन मापं आहेत. सिंगल डिन म्हणजे 180 मिमी रुंद आणि 50 मिमी उंच. डबल डिनची उंची 100 मिमी. डिन हे जर्मनीच्या मानक संस्थेचं नाव. मारुती 800 सारख्या गाडीत सिंगल डिनचाच कप्पा असतो. मोठा स्क्रीन बसवायला डॅशबोर्ड कापला की तो परत पहिल्यासारखा होत नाही, आणि मागे हवेची नळी, वायरिंगही असतं. आतली खोलीही मोजावी, कारण सेटच्या मागे कपलर आणि वायरींना जागा लागते.

कोणती वायर कशाची?

बाहेरून घेतलेल्या बहुतेक सेटच्या वायरींचे रंग असे असतात :

- पिवळी : बॅटरीचा कायम करंट. घड्याळ आणि लावलेले स्टेशन हिच्यावर लक्षात राहतात.
- लाल : चावी फिरवल्यावरच येणारा करंट.
- काळी : अर्थ, म्हणजे गाडीची बॉडी.
- निळी : अँटेना, निळी-पांढरी असेल तर अॅम्प्लिफायर चालू करणारी.
- पांढरी व करडी : पुढचा डावा व उजवा स्पीकर.
- हिरवी व जांभळी : मागचा डावा व उजवा स्पीकर. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती निगेटिव्ह.

गाडीच्या मूळ वायरींचे रंग मात्र वेगळे असतात, म्हणून रंगाला रंग जोडू नये. टेस्ट लॅम्प लावून बघावं. चावी बंद असताना दिवा लागला तर ती पिवळीची जागा, चावी फिरवल्यावरच लागला तर लालची.

नेहमीच्या चुका

लाल आणि पिवळी दोन्ही थेट बॅटरीला जोडल्या तर चावी काढूनही सेट चालू राहू शकतो. 35 अँपियर-अवरच्या बॅटरीवर 2 अँपियर घेणारा सेट रात्रभर चालला, तर सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येते. या दोन वायरी उलटसुलट झाल्या तर चावी बंद केली की दरवेळी घड्याळ आणि स्टेशन पुसलं जातं.

स्पीकरची काळी रेघ असलेली वायर बॉडीला लावू नये. आजच्या सेटमध्ये त्याने आतली आयसी जळते. स्पीकर 4 ओहमचे आहेत ना, हेही बघावं.

फ्यूज उडाला म्हणून तार गुंडाळून काम भागवू नये. फ्यूज उडतो तेव्हा तो वायर वाचवत असतो. तिथे तार लावली की वायर तापते, वरचं प्लास्टिक वितळतं आणि आग लागू शकते. उडालेल्याच अँपियरचा नवा फ्यूज घालावा.

डब्यावर 50 वॅट गुणिले 4 लिहिलेलं असतं. पण सेटचा फ्यूज 10 अँपियरचा असेल तर 12 व्होल्टवर 120 वॅटच होतात. तेव्हा आकड्याला भुलू नये. वेगळा अॅम्प्लिफायर लावायचा असेल, तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा.

बसवताना

सगळ्यात आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढावं. मूळ कपलर कापू नये. त्या गाडीचा जोड-कपलर मिळाला तर तोच वापरावा. वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी लावली, तर उन्हात पट्टी सुटते. जोड डाग देऊन (सोल्डर करून) किंवा दाबून पक्का करावा. लोखंडी चौकटीचे कान वळवावेत आणि सेटच्या मागे आधाराची पट्टी लावावी, नाहीतर कच्च्या रस्त्यावर सेट खडखडतो आणि जोड सैल होतात. गोठ्याजवळ किंवा शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर वायरी नळीतून न्याव्यात, उंदीर कुरतडतात. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणाच्या कपलरला अजिबात हात लावू नये.

दुकानातून निघण्याआधी

चावी बंद केल्यावर सेट बंद होतो का, चारही स्पीकर वाजतात का, हेडलाइट, हॉर्न आणि वायपर पूर्वीसारखे चालतात का, हे तिथेच बघावं. अर्धा तास सेट चालवून मागच्या वायरीला हात लावावा. गरम लागली तर परत खोलायला सांगावं.

आवाजही बेतानेच ठेवावा. गाळपाच्या हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.