आवाजाला लगाम कोणी घातला?

कॉम्प्रेसर म्हटले की आपल्याला फ्रीज आठवतो, एसी आठवतो, नाहीतर पंक्चरवाल्याच्या दुकानात धडधडणारे हवेचे यंत्र. संगीताच्या स्टुडिओतही एक कॉम्प्रेसर असतो. रेडिओवर, तबकडीवर, कॅसेटवर किंवा मोबाइलवर आपण आयुष्यभर जे ऐकले, त्यातले बहुतेक त्याच्या हाताखालून गेलेले आहे. कव्हरवर गायकाचे नाव असते, शायराचे असते, संगीतकाराचे असते. या यंत्राचे नाव कुठेच नसते. तरीही 'चांगला आवाज' म्हणजे काय, हे आपल्या कानांना शिकवण्यात त्याचा वाटा उस्तादांइतकाच आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. एमपीथ्री करताना फाइलचा आकार लहान होतो, त्यालाही कॉम्प्रेशनच म्हणतात. तो विषय वेगळा. इथे ज्याबद्दल बोलायचे आहे ते कॉम्प्रेशन फाइलला हात लावत नाही, आवाजाच्या चढउताराला लावते. मोठा आवाज खाली दाबायचा आणि मग सगळेच थोडे वर उचलायचे, म्हणजे लहान आणि मोठ्या आवाजातले अंतर कमी होते. काम एवढेच. पण या एवढ्याशा कामाचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे.

माणसाच्या कानाचा पल्ला सुमारे १२० डेसिबलचा असतो. रात्रीच्या सन्नाट्यात पान हलल्याचे तो ऐकतो आणि ढोल-ताशाच्या पथकाशेजारीही उभा राहू शकतो. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीला मात्र जेमतेम ३० ते ४० डेसिबल पेलत. त्याहून हळू गायले तर सूर खरखरीत बुडायचा. त्याहून चढे गायले तर सुई चर सोडून भरकटायची, आवाज फाटायचा. अल्लाहने दिलेला गळा आणि माणसाने बनवलेली तबकडी, या दोघांचे माप जुळत नव्हते. कोणाला तरी वाकावे लागणार होते, आणि वाकला तो गळा.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा माइक नव्हता. समोर एक मोठा भोंगा, भोंग्याच्या टोकाला पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली मेणाची तबकडी. गाण्याचा सगळा जोर त्या भोंग्यात ओतायचा. ज्या गाण्याला मैफलीत तास लागायचा ते सुमारे ३ मिनिटांत संपवायचे, आणि संपताच इंग्रजीत आपले नाव पुकारायचे, जेणेकरून परदेशातल्या कारखान्यात तबकडी कोणाची आहे ते कळावे. नाव पुकारण्याचा किस्सा सगळे सांगतात. त्यामागच्या दुसऱ्या कसरतीबद्दल मात्र कमीच बोलले जाते. त्या काळात तार सप्तकात जाताना गायकाने भोंग्यापासून मागे सरायचे आणि मंद्रात येताना पुन्हा पुढे झुकायचे, अशी रीत होती. पाश्चात्त्य स्टुडिओंत तर गायिकेचे खांदे धरून तिला मागेपुढे करणारा माणूसच उभा असे. माझ्या लेखी जगातला पहिला कॉम्प्रेसर तोच माणूस.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, भोंगा गेला, माइक आला. आता हळू गाणेही पकडता येऊ लागले. पण माइकलाही स्वतःचे नखरे होते. तो श्वास पकडतो, 'प' आणि 'फ' वर धक्का खातो. आपल्याकडे हा कायदा शिकून गळ्यावर ताबा मिळवणाऱ्यांत लताबाई सर्वांत पुढे. माइकसमोर श्वास कधी आणि कसा घ्यावा, म्हणजे ऐकणाऱ्याला तो कळणार नाही, हे आपण संगीतकार अनिल बिस्वास यांच्याकडून शिकलो, असे त्या आवर्जून सांगत. तेव्हा वादकांचा ताफा आणि गायिका एकाच वेळी, एकाच खोलीत गात-वाजवत असत. एक चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी आवाज किती फेकायचा आणि किती राखायचा, हा हिशोब यंत्रात कमी आणि गळ्यात जास्त होता.

यंत्राला खरी निकड भासली ती रेडिओमुळे. मीडियम वेव्हच्या प्रक्षेपणात ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज गेला की तो नुसता फाटत नाही, शेजारच्या स्टेशनच्या हद्दीतही सांडतो. म्हणून स्टुडिओत एक इंजिनिअर बटणावर हात ठेवून बसायचा आणि आवाज चढला की खाली करायचा. आता गाणारा कधी ओरडेल ते त्याला कसे कळणार? हात पोहोचेपर्यंत व्हायचे ते होऊन जायचे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने '११० ए' नावाचे यंत्र बाजारात आणले. ते इंजिनिअरच्या हाताचे काम आपोआप करायचे. मर्यादा ओलांडली की आवाज खाली. स्टेशनवाले खूश झाले. आवाज फाटत नव्हता, शिवाय सगळीच पातळी थोडी वर नेता येत होती. म्हणजे तोच ट्रान्समीटर जास्त दूर ऐकू जात होता. रखवालीसाठी ठेवलेला चौकीदार असा मालकाच्या कमाईचेही साधन झाला. पुढच्या सगळ्या भांडणाचे बी इथेच पडले, असे मला वाटते.

हे यंत्र विचार कसा करते? मी मास्तर आहे, म्हणून वर्गाचेच उदाहरण देतो. वर्गाचा मॉनिटर चार गोष्टी ठरवतो. गोंगाट किती वाढला की उठायचे, याला थ्रेशोल्ड म्हणतात. उठल्यावर किती दटावायचे, तो रेशो. किती चटकन उठायचे, तो अटॅक. आणि शांत झाल्यावर किती वेळाने परत बाकावर बसायचे, तो रिलीज. समजा, थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलवर आहे आणि रेशो ४ ला १. आवाज उणे ८ वर गेला, म्हणजे हद्दीच्या १२ डेसिबल वर. यंत्र त्या १२ चे ३ करते आणि आवाज उणे १७ वर बाहेर येतो. ९ डेसिबल गिळले गेले. आता सगळे गाणे ९ डेसिबलने वर उचलता येते, आणि जे आधीपासून हळू होते तेही तेवढेच वर येते. श्वास, ओठांची हालचाल, सारंगीच्या गजाची घासट. कॉम्प्रेसर मोठ्यांना दाबतो हे सगळ्यांना ठाऊक असते. लहानांना वर आणतो ते कान देऊन ऐकावे लागते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस राइन नार्मा या मूळच्या एस्टोनियातील इंजिनिअरने बनवलेले यंत्र फेअरचाइल्ड कंपनीने विकायला काढले. त्याचे स्टिरिओ रूप म्हणजे 'फेअरचाइल्ड ६७०'. २० व्हॉल्व्ह आणि सुमारे ३० किलो वजन. तबकडी कापणाऱ्या सुईला झटका बसू नये, हा त्यामागचा हेतू. काही वर्षांत कॅलिफोर्नियात जिम लॉरेन्स यांनी 'एलए-२ए' बनवला. त्यात आवाज जसा चढेल तशी एक छोटी प्रकाशपट्टी उजळते, तो उजेड शेजारच्या संवेदकावर पडतो आणि आवाज आपोआप खाली येतो. त्या संवेदकाला सावरायला वेळ लागतो, म्हणून यंत्रही हळुवारपणे पकड सोडते. मुख्य बटणे फक्त दोन. गाणाऱ्याच्या आवाजासाठी आजही त्याची नक्कल जगभर वापरतात. १९६७ मध्ये बिल पुटनम यांचा '११७६' आला. तो ट्रान्झिस्टरवर चालणारा आणि सेकंदाच्या काही लाखांशात झडप घालणारा. या तिघांची तबियत वेगवेगळी आहे, जसे एकच गझल तीन शायरांनी वेगवेगळ्या लयीत वाचावी.

इथवर हे सगळे राखणदार होते. आवाज बिघडू नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ती अपेक्षा उलटली. बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज' या गाण्यासाठी जेफ एमरिक या अवघ्या २० वर्षांच्या इंजिनिअरने रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला, माइक नियमापेक्षा खूप जवळ आणला आणि आवाज फेअरचाइल्डमधून असा पिळून काढला की प्रत्येक ठोक्यानंतर झांजा श्वास घेतल्यासारख्या फुगून वर येऊ लागल्या. ज्या स्टुडिओत तंत्रज्ञ पांढरे कोट घालून फिरत आणि माइक किती अंतरावर ठेवायचा याचे नियम होते, तिथे ही सरळ बेअदबी होती. पण त्या दिवसापासून यंत्राच्या खुणा लपवण्याऐवजी त्या ऐकवण्याचा शौक सुरू झाला.

लंडनच्याच टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलच्या, १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंट्रूडर' गाण्याचे काम चालू होते. तिथल्या मिक्सरला छतावरचा एक माइक जोडलेला होता. खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून वादक बोलला तरी काचेपलीकडे ऐकू यावे म्हणून त्याला अतिशय कडक कॉम्प्रेसर लावला होता. तो माइक चालू असताना फिल कॉलिन्सने ड्रम वाजवला आणि प्रचंड, दाटलेला आवाज आत आला. तो मुद्रित करण्याची सोयच मिक्सरमध्ये नव्हती. इंजिनिअर ह्यू पॅडगमच्या सांगण्यावरून तारा बदलून ती करून घेण्यात आली. ८० च्या दशकातल्या पॉप संगीताचा तो धडाम् आवाज असा गप्पा ऐकण्याच्या माइकमधून जन्मला.

हाच पीटर गॅब्रिएल आपल्याला दुसऱ्या कारणाने जवळचा. त्याच्याच वोमॅड महोत्सवात १९८५ मध्ये इंग्लंडच्या मर्सी बेटावर नुसरत फतेह अली खान गायले आणि १९८९ मध्ये त्याच्या रिअल वर्ल्ड कंपनीने त्यांचा 'शहेन-शाह' अल्बम काढला. कव्वाली ही कॉम्प्रेसरची खरी परीक्षा आहे. कारण तिच्यात टाळी आहे. टाळी क्षणभराचीच, पण तिचे टोक गळ्यापेक्षा उंच जाते. सगळ्या पार्टीवर मिळून एकच कॉम्प्रेसर लावला आणि तो चपळ असला, तर तो टाळीवर झेपावतो आणि टाळीबरोबर कव्वालाचा आवाजही दाबून टाकतो. मग दर मात्रेला गळा बुडी मारतो आणि वर येतो. आपल्याकडच्या उर्सातल्या कव्वाल्यांची कितीतरी स्वस्त मुद्रणे अशी धापा टाकताना ऐकू येतात, आणि लोकांना वाटते कव्वालाचाच दम कमी पडला. 'शहेन-शाह'मध्ये टाळी टाळीच्या जागी राहते. आलापाचा आरंभ खरोखर हळू आहे आणि पुढे सरगम उसळते तेव्हा ती खरोखर उसळते.

गंमत म्हणजे याच काळात पल्ल्याची जुनी टंचाई संपली होती. १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर ९६ डेसिबलचा पल्ला होता. आता हळू आणि मोठे यांना पुरेशी जागा होती. झाले उलटेच. दोन गाणी एकामागून एक ऐकवली, तर जे जरा मोठे ते आपल्याला जास्त चांगले वाटते, ही आपल्या कानाची खोड आहे. त्यामागचे एक कारण १९३३ मध्येच बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवले होते. आवाज लहान असला की कानाला खर्ज आणि तीव्र टोके कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ती उमलतात. कंपन्यांनी ही खोड हेरली. १९९४ मध्ये वेव्हज कंपनीचा 'एल-१' हा संगणकावरचा लिमिटर आला आणि गाणे भिंतीला टेकेपर्यंत वर ढकलणे सोपे झाले. प्रत्येकाला दुसऱ्याहून मोठे व्हायचे होते. २००८ मध्ये मेटालिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा आवाज इतका दाबला होता की तो फाटत होता. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात आली होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली आणि अल्बम पुन्हा मिक्स करावा म्हणून १० हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या. टीव्हीवर मालिका मध्येच थांबून जाहिरात किंचाळते तेव्हा घराघरात रिमोट शोधला जातो, तेही याच शर्यतीचे अपत्य.

लगाम पुन्हा घातला गेला तो मोजमापामुळे. केवळ टोक न मोजता कानाला सरासरी किती मोठे वाटते ते मोजण्याची पद्धत २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवली. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारकांनी तिच्या आधारे 'आर १२८' हा दंडक आणला. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला की जाहिरात कार्यक्रमाहून मोठी वाजता कामा नये. पुढे ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या सेवाही गाणी एका पातळीवर आणू लागल्या. स्पॉटिफायवर ती पातळी साधारण उणे १४ एलयूएफएस असते. गाणे भिंतीपर्यंत दाबून पाठवले तर ते तिथे सरळ खाली केले जाते. गमावलेला चढउतार मात्र परत येत नाही.

आता हे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. आमच्या शाळेतली मुले स्नेहसंमेलनासाठी मोबाइलवर कविता रेकॉर्ड करतात. दोन ओळींमध्ये मूल थांबले की मागची पंख्याची घरघर वर चढते आणि पुढचा शब्द येताच पुन्हा दबते. मोबाइल आपणहून पातळी सांभाळत असतो. शेराच्या दोन मिसऱ्यांमधला जो ठहराव आम्ही वर्षभर शिकवतो, तो त्याला रिकामी जागा वाटते आणि तो ती भरून काढतो. म्हणून मुलांना मी सांगतो की पंखा बंद करा, तोंडापासून वीतभर अंतर ठेवा आणि अ‍ॅपमध्ये ऑटो पातळी बंद करता येत असेल तर करा. नंतर संगणकावर दाबायचेच असेल तर रेशो २ किंवा ३ ला १, अटॅक २०-३० मिलिसेकंद, म्हणजे शब्दाचे पहिले व्यंजन शाबूत सुटते. काटा ३-४ डेसिबलहून खाली जात असेल तर थ्रेशोल्ड वर घ्या. कव्वाली असेल तर टाळीचा माइक वेगळा लावा आणि त्याचा दाब गळ्यावर येऊ देऊ नका. मग दाबलेले आणि न दाबलेले, दोन्ही एकाच पातळीवर आणून ऐका. पातळी सारखी नसेल तर कान मोठ्यालाच पसंती देणार.